पाळण्याचा खर्च कुणाच्या नावावर?

ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागांत घड दिसू लागले, की सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात बायकांच्या टोळ्यांना मागणी येते. फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढणे, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणे, पुढे घडांची काढणी आणि त्याही पुढे शेडवर बेदाण्याची निवड, ही सगळी कामे बोटांची आणि नजरेची असतात आणि ती मुख्यतः बायकाच करतात. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या हंगामात एकच तक्रार पारावर, बाजार समितीत आणि लग्नाच्या मांडवातही ऐकू येते : महिन्याला १,५०० रुपये घरबसल्या मिळू लागल्यापासून बायका रोजगाराला येईनात. याच काळात दुसरा एक आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांमधील, सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. म्हणजे एका बाजूचे म्हणणे असे, की बायका कामातून निघून चालल्या आहेत. दुसऱ्या बाजूचे असे, की त्या पूर्वी कधी नव्हे इतक्या कामावर येत आहेत. दोन्ही बाजू एकमेकींचे ऐकत नाहीत, आणि ऐकले तरी उपयोग नाही, कारण दोघीही फक्त डोकी मोजत आहेत.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडते. बाईने कमावण्यासाठी उंबऱ्याबाहेर पडायचे, तर त्याला काही खर्च येतो. मूल कुणीतरी सांभाळावे लागते, बाळंतपणाच्या महिन्यांत मजुरीशिवाय पोट चालावे लागते, गावापासून कामाच्या जागेपर्यंत पोचावे लागते. हा खर्च कुणाच्या नावावर टाकला जातो, यावर तिचे काम टिकते की जाते हे ठरते. तो तिच्या एकटीच्या नावावर राहिला, तर ती घरच्याच शेतात आणि गोठ्यात बिनपगारी राबत राहते. तो एकट्या मालकाच्या नावावर टाकला, तर मालक हळूहळू बाईला कामावर घेणेच बंद करतो. तो सर्वांनी मिळून उचलला, तर ती कमावते. हे तिन्ही प्रयोग महाराष्ट्राने गेल्या शंभर वर्षांत करून पाहिले आहेत आणि त्यांतल्या काहींची मुळे सातारा-सांगलीच्या मातीत आहेत. तरीही लाडक्या बहिणीचा वाद घालताना आपल्याला त्यांतले काहीच आठवू नये, याचे मला दुःख होते.

प्रथम आकड्याकडे पाहू. आमच्या भागातल्या दोन म्हशी असलेल्या कोणत्याही घरातल्या सुनेचा दिवस घ्या. पहाटे शेण काढणे, धारा, डेअरीला दूध पोचवणे, मग स्वयंपाक, मग बांधावरून वैरणीचा भारा, दुपारी घरच्याच उसात भांगलण म्हणजे खुरपणी, संध्याकाळी पुन्हा धारा. दर दहा दिवसांनी दूधबिल निघते आणि ते सभासदाच्या खात्यावर जमा होते. सभासद बहुतेक घरांत नवरा नाहीतर सासरा असतो. या बाईला ‘तुम्ही काय काम करता?’ असे विचारले, तर ती ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर देईल आणि तसे देताना तिला त्यात काही चुकीचे वाटणार नाही. सर्वेक्षणाच्या वर्गवारीत अशा उत्तरासाठी दोन संकेतांक आहेत : केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी ९२, आणि घरकामाबरोबर सरपण, वैरण, भाजी गोळा करणाऱ्या किंवा घरच्यापुरते शिवणकाम करणाऱ्या स्त्रीसाठी ९३. हे दोन्ही संकेतांक श्रमबलाच्या बाहेर आहेत. विचारणाऱ्याने जरा खोलात जाऊन दूध विकले जाते का आणि धार कोण काढते हे विचारले, तर तीच बाई २१ या संकेतांकात जाते, म्हणजे घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनीस ठरते आणि श्रमबलात मोजली जाते. तिच्या दिवसात एका मिनिटाचाही फरक पडलेला नसतो.

म्हणून ४१.७ हा आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. पूर्वी न दिसणारे श्रम आता अधिक काळजीने नोंदले जात असतील, तर ते चांगलेच आहे. पण त्या आकड्याच्या पोटात काय आहे तेही पाहावे. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी स्वयंरोजगारात असलेल्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ५१.९ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ६७.४ टक्के झाले. त्यातही घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनीस ३१.७ टक्क्यांवरून ३६.७ टक्क्यांवर गेल्या. याच काळात नियमित पगारावर असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर आले. दर तीन कामकरी स्त्रियांपैकी एकीहून अधिक स्त्रिया अशा आहेत, की ज्यांच्या कामाचा एक रुपयाही त्यांच्या हातात पडत नाही. याला सहभाग म्हणायचे असेल, तर आपल्या आज्या-पणज्यांचा सहभाग शंभर टक्के होता. आफ्रिकेतल्या अनेक गरीब देशांत स्त्रियांच्या श्रमसहभागाचा दर आपल्यापेक्षा कितीतरी वरचा आहे, कारण तिथे घरात बसून राहणे कुणालाच परवडत नाही. नुसता दर वर गेल्याने बाईचे काय झाले, हे कळत नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. अर्थशास्त्रात एक जुने आणि पुष्कळ तपासले गेलेले निरीक्षण आहे, की देश गरिबीतून वर येऊ लागतो तेव्हा स्त्रिया काही काळ कामातून बाहेर पडतात आणि शिक्षण, सेवा क्षेत्र, कार्यालयीन नोकऱ्या वाढल्या की पुन्हा येतात. आलेखावर ही रेषा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी दिसते. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात स्त्रियांच्या श्रमाच्या दीर्घ इतिहासावरचे हे कामही होते. आपल्याकडे २००४-०५ नंतरच्या सात-आठ वर्षांत ग्रामीण स्त्रियांचा सहभाग झपाट्याने घसरला, त्यामागे काही अंशी मुली शाळा-कॉलेजात अधिक काळ राहू लागल्या हेही कारण होते, आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ताकारी आणि म्हैसाळ योजनांचे पाणी शिवारात आले, तेव्हा ज्या घरांत ऊस आणि द्राक्षे उभी राहिली, त्या घरांनी सर्वांत आधी सुनांचे दुसऱ्याच्या बांधावर जाणे थांबवले. उन्हात वाकून दुसऱ्याची भांगलण करण्यापेक्षा घरी थांबणे कुठल्या बाईला नको वाटेल? ही निवड आहे, ती तिच्यावर कुणी लादलेली नाही, असे म्हणणारे लोक काही खोटे बोलत नाहीत.

मात्र निवड म्हटली, की दोन वाटा असाव्या लागतात. ज्या सुनेने रोजगार सोडला तिने बी. ए. केले असेल, आणि कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नऊ ते सहाचे काम मिळत असेल, तर ती ते घेईल की नाही, हे विचारण्याची वेळच सहसा येत नाही. कारण सव्वाआठला गावातून निघणारी एस. टी. नसते, वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने मुलीने प्रवास करणे घरच्यांना नको असते, आणि दोन वर्षांचे मूल सासूच्या हाती सोपवावे तर सासू स्वतः शेतात असते. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे आढळले, तर जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटे. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. जवळजवळ पाच तासांचे हे काम आधी उरकून जिला बाहेर पडायचे आहे, तिच्यासमोर घर आणि नोकरी अशा दोन समान वाटा ठेवल्या आहेत, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

हेच लाडक्या बहिणीच्या तक्रारीबाबत. काही बायकांनी त्या पैशामुळे रोजगाराचे दिवस कमी केले असतील, हे मी मान्य करते. माणसाच्या हाती थोडी रक्कम आली, की तो सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी मोबदल्याचे काम आधी सोडतो. पुरुषही तेच करतो. पण हिशेब करा. महिन्याचे १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. जे काम दिवसाला ५० रुपये मिळू लागताच सोडावेसे वाटते, त्या कामातून बाईच्या पदरात खरोखर किती पडत होते? मजुरीतून जीपचे भाडे वजा करा, दुपारी मुलाला शेजारणीकडे ठेवल्याबद्दल तिला द्यावे लागणारे वाण-सामान वजा करा, वाकून वाकून दुखणाऱ्या कमरेच्या गोळ्या वजा करा, मग उरणारी रक्कम पाहा. बागायतदार ज्याला मजुरांचा तुटवडा म्हणतात, तो माझ्या मते या वजाबाकीचा परिणाम आहे. बागायतदाराचीही अडचण खोटी नाही. त्याच्या डोक्यावर औषधांचा आणि कर्जाचा बोजा असतो, आणि अवकाळी पाऊस त्याला विचारून येत नाही. पण त्याने रागाचे बोट १,५०० रुपयांकडे दाखवले, की वजाबाकीतल्या बाकीच्या रकमांकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

खर्च चुकीच्या खांद्यावर टाकला तर काय होते, हे मुंबईच्या कापडगिरण्यांइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे त्या गिरण्यांत गेली, म्हणून हा इतिहास आमच्या घरातला आहे. १९२० च्या दशकात या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. सूत उकलण्या-गुंडाळण्याच्या खात्यांत तर मुख्यतः त्याच होत्या. १९७० च्या सुमारास हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर आले होते. मधल्या काळात काय झाले? अनेक गोष्टी झाल्या. नवी यंत्रे आली, १९३० च्या दशकात कामगारकपातीची लाट आली, पाळ्या वाढल्या, आणि स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे नव्या पाळ्या पुरुषांकडे गेल्या. त्यात १९२९ चा मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदाही होता. तो कायदा न्याय्य होता, बाळंतिणीला पैसे मिळालेच पाहिजेत यात शंका नाही. पण ते पैसे ज्या गिरणीत ती बाई कामाला असेल त्याच गिरणीच्या मालकाने द्यायचे होते. बायका ठेवणाऱ्या मालकाला खर्च आणि न ठेवणाऱ्याला बचत, अशी व्यवस्था कायद्यानेच निर्माण केली. मालकांनी बायकांना कमी करण्याचे ते एकमेव कारण नव्हते, हे मी पुन्हा सांगते. पण आधीच काढून टाकायला निघालेल्या माणसाच्या हातात ते आणखी एक निमित्त होते.

हा धोका एका माणसाने कायदा होण्याआधीच ओळखला होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत याच विधेयकाच्या बाजूने बोलायला उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असे त्यांनी तिथे सांगितले. मालकाला जबाबदारीतून मोकळे करावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. पण आईपणाचा लाभ ज्या समाजाला होतो, त्या समाजाने किंमत एकट्या मालकाच्या किंवा एकट्या आईच्या डोक्यावर ढकलू नये, हा त्यांचा मुद्दा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० साली केलेल्या करारातही सर्वसाधारण नियम म्हणून तेच लिहिले आहे : मातृत्वाचा लाभ सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून द्यावा, एकट्या मालकावर थेट टाकू नये.

आपण मात्र २०१७ मध्ये पुन्हा तीच वाट धरली. मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले. रजा वाढली, हे उत्तम झाले. पण त्या अर्ध्या वर्षाचा पगार आणि ते पाळणाघर, दोन्हींचा खर्च मालकाचा. ४५ कामगारांवरच थांबणाऱ्या, किंवा लग्न ठरलेल्या मुलीचा अर्ज बाजूला ठेवणाऱ्या कारखानदाराला आपण हवे तितके दूषण देऊ शकतो, पण त्याने गणित चुकीचे केले असे म्हणता येणार नाही. याच देशात दुसरी पद्धतही अस्तित्वात आहे, हे अधिक खटकते. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने सुरू झालेल्या विम्यात येणाऱ्या कामगार स्त्रीला बाळंतपणाचा पगार विमा महामंडळ देते. त्यासाठी मालक सर्वच विमाधारक कामगारांच्या पगारावर ३.२५ टक्के भरतो, मग ते कामगार पुरुष असोत वा स्त्रिया. त्यामुळे रजेपुरते तरी बाईला कामावर घेतल्याने त्याला एक पैसाही जास्त पडत नाही. मात्र ही सोय महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच आहे. ती मर्यादा उठवून सर्वांना एका विम्यात घेण्याला तत्त्वतः कोणती अडचण आहे, याचे पटणारे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कारखान्यातल्या मुलींचे ठीक, पण आमच्या बहुसंख्य बायका शेतात आहेत, त्यांना एक मालक नाही. आज एकाच्या बागेत, उद्या दुसऱ्याच्या उसात, परवा शेडवर. त्यांच्यासाठी वर्गणी कोण भरणार आणि कोण गोळा करणार? याचे उत्तर पाटण तालुक्यातल्या एका माणसाने मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत शोधून दिलेले आहे. अण्णासाहेब पाटील यांनी ज्या माथाडी कामगारांना संघटित केले, ते बहुतांशी सातारा जिल्ह्यातले होते आणि त्यांनाही एक मालक नव्हता. सकाळी एका गाळ्यावर पोती उचलायची, दुपारी दुसऱ्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली, प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळात भरायची आणि त्यातून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी, सुट्टीचा पगार मिळायचा अशी पद्धत बसली. पाठीवर पोते वाहणाऱ्या, कायम मालक नसलेल्या पुरुषाला जे १९६९ मध्ये देता आले, ते बेदाण्याच्या शेडवर बसणाऱ्या बाईला आज देता येत नाही, असे का मानायचे?

तिसरा प्रयोग तर आमच्या तासगाव तालुक्यातलाच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी विसापूर भागात मागेल त्याला काम देण्याचा छोटा प्रयोग १९६० च्या दशकात करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला आणि पुढे रोजगार हमीचा कायदा होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर होती. मी पाच वर्षांची होते. कामाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली आम्हा पंधरा-वीस मुलांना एक म्हातारी बाई सांभाळायची आणि तिची हजेरीही इतर बायकांसारखीच लागायची, कारण मुले सांभाळणे हेही त्या कामावरचे कामच धरले होते. दुपारी सुकडी मिळायची. आईला आठवड्याचा पगार तिच्या स्वतःच्या हातात मिळाला तो आयुष्यात पहिल्यांदा त्या कामावर, आणि खडीने सोललेली बोटे दाखवत ती ते पुढे अनेकदा सांगत असे.

मी हे आठवणीच्या ओढीने सांगत नाही. दुष्काळाचे दिवस पुन्हा कुणाला नकोत. सांगायचे आहे ते त्या योजनेच्या पैशाबद्दल. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला, तो या योजनेसाठी. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली गेली, राज्याने तिच्यात भर घातली, आणि त्यातून जत-आटपाडीच्या, माण-खटावच्या बाईची मजुरी, कामावरची सावली, पाणी आणि मुलांची सोय झाली. काम मोजून दाम होता, त्यामुळे बाईच्या हाताने खणलेल्या घनमीटरचा दर वेगळा नव्हता. अनेक वर्षे या कामांवर स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास राहिले. त्यांना त्यासाठी प्रबोधन करावे लागले नाही, घरच्यांची समजूत काढावी लागली नाही. काम गावाजवळ होते, मूल सोबत नेता येत होते आणि दाम हातात पडत होता, एवढे पुरेसे होते. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने हीच कल्पना देशभर नेली, आणि सहा वर्षांखालची पाच मुले कामावर आली तर ती सांभाळायला एक बाई नेमावी, असे त्यातही लिहिले गेले.

यावर अर्थतज्ज्ञ विचारतील, की पाळणाघराने नोकऱ्या निर्माण होतात का? तणनाशकाने भांगलण कमी केली, मळणी यंत्राने आणि हार्वेस्टरने खळ्यावरची कामे नेली, आणि गावाजवळ दुसरे कामच नसेल तर मूल सांभाळून तरी बाई जाणार कुठे? हा मुद्दा खरा आहे. बांगलादेशात लाखो मुली कमावत्या झाल्या त्या तयार कपड्यांच्या कारखान्यांमुळे. आधी पाळणाघरे उघडली आणि मग कारखाने आले असे तिथे घडले नाही. पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. त्या कारखान्यांत गेल्या त्या मोठ्या प्रमाणात तरुण मुली. स्वस्त म्हणून घेतलेल्या श्रमाची सुरक्षितताही स्वस्तात काढली गेली, आणि २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. मागणी आली की सगळे आपोआप नीट होते, हा भाबडेपणा आहे. कारखाने हवेतच, ते सांगली-साताऱ्यातही हवेत. पण ते आले तर त्यांत कोण जाऊ शकेल आणि मूल झाल्यावर किती वर्षे टिकेल, हे या खर्चाच्या वाटणीवरच ठरणार आहे.

शिवाय मूल सांभाळणे हीदेखील नोकरी आहे, हे आपण विसरतो. २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाड्या चालू आहेत आणि देशात त्यांची संख्या तेरा लाखांवर गेली आहे. गावागावांत जागा आहे, सेविका आहे, मदतनीस आहे. पण अंगणवाडी काही तासच चालते आणि मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे बसवता येते. भांगलणीला गेलेल्या बाईचे दीड वर्षाचे मूल दुपारी तीनला कुठे जाणार? अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालवावी, लहान मुलांसाठी आणखी एक बाई नेमावी, हा बदल प्रचंड नाही. सरकारला ते जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी सीमेपलीकडे पाहावे. आमच्या जत आणि मिरज तालुक्यांना लागून असलेल्या कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘कूसिन मने’ म्हणजे बाळाचे घर या नावाने ग्रामपंचायतींत पाळणाघरे उघडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मात्र ही माणसे नेमताना सरकारने स्वतःची सवय सोडावी लागेल. अंगणवाडी सेविकेला आजही पगार मिळत नाही, मानधन मिळते, कारण कागदोपत्री ती मानसेवी आहे. तिला उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क आहे, एवढे मान्य व्हायला एप्रिल २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. बायकांना रोजगार द्या असे खासगी मालकाला सांगणारे शासन आपल्याच लाखो कामगार स्त्रियांना कामगार म्हणायला तयार नसेल, तर त्याचे ऐकणार कोण?

सोय नको, रोख द्या, ज्याला जसे हवे तसे तो खर्च करील, असाही एक मतप्रवाह आहे. मेक्सिकोने २००७ मध्ये कामकरी आयांच्या मुलांसाठी अनुदानित पाळणाघरे सुरू केली होती. २०१९ मध्ये नव्या सरकारने पाळणाघरांना जाणारे ते अनुदान थांबवले आणि रक्कम थेट पालकांना देण्याचे ठरवले. रोख पैशाचे महत्त्व मी नाकारत नाही. स्वतःच्या खात्यावर आलेल्या १,५०० रुपयांनी आमच्या भागातल्या अनेक बायकांनी पहिल्यांदा बँकेची पायरी चढली, हे मी पाहिले आहे. परंतु गावात पाळणाघरच नसेल, तर १,५०० रुपयांनी ते विकत घेता येत नाही. एस. टी. च नसेल, तर मार्च २०२३ पासून मिळणारी निम्म्या तिकिटाची सवलतही वापरता येत नाही. काही गोष्टी एकेकटीने खरेदी करण्याच्या नसतातच, त्या गावाने मिळून उभ्या कराव्या लागतात, जशी शाळा आणि जशी पाण्याची टाकी.

ऊसतोडीचे उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते आमच्या दारात, कृष्णा-वारणेच्या काठावर दर हिवाळ्यात उभे असते. बीडहून, आणि आमच्याच जतमधूनही, टोळ्या येतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको मिळून एक मजूर. उचल म्हणजे आगाऊ रक्कम नवरा घेतो, टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे असते, आणि बाई पहाटेपासून ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॅक्टरमध्ये चढवते. एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जातात, मग तो पाळीचा असो वा तापाचा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. या बायकांचा श्रमसहभाग पूर्ण आहे. तान्हे मूल फडाच्या कडेला, उसाच्या पाचटावर झोपलेले असते. आता ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यावेत, असे ठरलेले आहे. हा पैसा टनावर जमा होतो, तोडणाऱ्या हातांत बाईचे हात किती हे तो विचारत नाही, आणि म्हणूनच तो योग्य पद्धतीचा पैसा आहे. त्यातला पहिला वाटा, हंगाम चालू असेपर्यंत फडाजवळ चालणाऱ्या पाळणाघरांना मिळाला पाहिजे आणि मुकादमाच्या वहीत बाईचे नाव स्वतंत्र ओळीत लिहिले गेले पाहिजे. सांगली-साताऱ्यातल्या सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात, त्यानंतर गळीत सुरू होते. ज्या बायकांच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे, मग त्या कितीही थोड्या असोत, त्यांनी या दोन मागण्यांचा ठराव येत्या सभेत मांडावा, आणि लाडक्या बहिणीमुळे बायका कामाला येत नाहीत असे म्हणणाऱ्या सभासदांनी त्याला अनुमोदन द्यावे.